माझा वास घेत जा

मी एक जुनी कचकड्याची कांडी आहे. आमच्या घरातले नुकसान ज्या दिवशी कळले, त्या दिवशी सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिले. म्हणून मित्रांनो, माझी हकीकत मी त्या दिवसापासूनच सांगते.

घर पेन बनवणाऱ्याचे होते. पुढच्या खोलीत पेने कातायचा लेथ, खिडकीखाली कामाचे टेबल आणि भिंतीला लागून खणांचे कपाट. त्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात मी आणि माझ्यासारख्या आणखी काही कांड्या पडून होतो. गल्लीत सगळे घरमालकांना पेनवाले म्हणत आणि त्यांच्या बायकोला बाई. बाईंना जाऊन वर्ष होत आले होते.

त्या दिवशी त्यांची लेक दुसऱ्या गावाहून आली. तिने दारात चपला काढल्या, एक पाऊल आत टाकले आणि तिथेच थांबली.

"बाबा, हा वास कसला येतोय?"

"कसला वास?" पेनवाले म्हणाले.

"आंबट. नाकात चावतोय. किती दिवस येतोय हा?"

पेनवाल्यांनी जोरात श्वास ओढला, पुन्हा ओढला आणि मान हलवली. त्यांना कसलाच वास येत नव्हता. आयुष्यभर एबोनाईट, म्हणजे पेनांचे कडक काळे रबर, कातून त्याची काळी धूळ त्यांच्या नाकात गेली होती आणि नाक कधीच निकामी झाले होते. भाजी करपली तरी त्यांना धूर दिसल्यावर कळायचे.

लेक वासामागे चालत कपाटापर्यंत आली. आमचा खण तिने ओढला. आमच्या शेजारी पत्र्याचा एक डबा होता. तिने तो उचलला तेव्हा पेनवाले पुढे झाले. तो डबा त्यांनी स्वतः बंद केला होता आणि त्यानंतर उघडला नव्हता. झाकण घट्ट बसले होते. लेकीने चमच्याच्या दांड्याने ते उचकटले आणि तोंड बाजूला केले.

आत प्लॅस्टिकच्या पिशवीत बाईंचे पेन आणि बाईंचा चष्मा होता. पेन चहाच्या रंगाचे, आरपार दिसणारे होते. आता त्याला बारीक बारीक तडे गेले होते आणि ते ओशट झाले होते. लेकीने धरायला जाताच त्याचे तुकडे पडले. चष्म्याची धातूची चौकट हिरवी होऊन खाल्ली गेली होती. एक काडी हातात आली.

पेनवाले स्टुलावर बसले. बराच वेळ ते त्या डब्यात बघत राहिले. मग आमच्या खणाकडे हात करून म्हणाले, "हे याचं काम आहे. कचकड्याचं. उद्या सगळं घराबाहेर काढतो."

मित्रांनो, कचकडा म्हणजे सेल्युलॉइड. तुमच्या आजोबांच्या लहानपणी बाहुल्या, कंगवे, चेंडू आमचेच असत. दिसायला आम्ही देखणे, पण लोकांचा आमच्यावर विश्वास नाही. खोटे खोटे हसणाऱ्याला कचकड्याची बाहुली म्हणतात. हे बोलणे मी जन्मापासून ऐकत आले आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे कापूस आम्लात भिजवत, धूत, मग कापूर आणि स्पिरिट घालून तो कणकेसारखा मळत. त्याचे रंगीत पत्रे लाटून थरावर थर दाबत आणि त्या ठोकळ्यातून कांड्या कापत. मी तपकिरी आहे आणि माझ्या अंगावर मधासारखे पट्टे आहेत. उजेडात फिरवले की ते पट्टे हलल्यासारखे वाटतात. पण माझ्या पोटात काय आहे ते नीट ऐका. कापूस आहे, कापूर आहे आणि कितीही धुतले तरी मागे राहिलेले थोडे आम्ल आहे. या शेवटच्या गोष्टीबद्दल कारखान्यात कोणी मोठ्याने बोलत नसे.

कारखान्यातून निघतो तेव्हा आम्ही कच्च्या असतो. अंगातले स्पिरिट उडून जायला वर्षे लागतात. त्याआधी कोणी घाईने कातले तर आम्ही नंतर आकसतो. आज छान बसणारे टोपण पुढच्या वर्षी बसत नाही. मग गिऱ्हाईक कारागिराला नावे ठेवते आणि कारागीर आम्हाला.

तो कारखाना पुढे बंद पडला. एक व्यापारी उरलेला माल गठ्ठे बांधून दारोदार फिरवत होता. तो आमच्या घरी आला, तेव्हा पेनवाल्यांनी मला खिडकीत धरले आणि त्यांचे डोळे तिथेच अडकले. बाई दारात उभ्या होत्या. निबा घासणे, निबेखालची जीभ बसवणे, शाई भरून पेन चालवून बघणे हे सगळे काम बाईंचे होते. त्यांच्या हातून गेल्याशिवाय घरातून पेन बाहेर पडत नसे. त्यांनी मला हातात घेतले आणि नाकाला लावले.

"कापराचा वास येतोय."

व्यापाऱ्याने सांगितले की असायचाच, कापूर घालूनच बनवतात.

"कापूर उडून जातो," बाई म्हणाल्या. "मग मागे काय उरतं?"

व्यापारी हसला. पेनवालेही हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एका गठ्ठ्यातून चिमूटभर तुकडा मागून घेतला, मागच्या अंगणात फरशीवर ठेवला आणि काडी लावली. भस्सकन जाळ झाला आणि पुढच्या क्षणी तिथे काहीच नव्हते. राखही नव्हती. बाई आत आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, एबोनाईट काळं असतं, पण काळं असल्याचं लपवत तरी नाही. हे काय आहे ते मला कळत नाहीये."

एबोनाईटही उन्हात ठेवले की तपकिरी पडते. तेव्हा मला बोलता आले असते तर मी हे नक्की सांगितले असते.

पेनवाल्यांनी आम्हाला घेतलेच. बाईंनी भांडण केले नाही. त्यांनी नियम केले. पुढच्या खोलीत काडी पेटवायची नाही. लेथखाली पाण्याचा डबा ठेवायचा आणि कचकड्याचा कीस पडला की लगेच त्यात टाकायचा. पेनात शाई भरायच्या रबरी नळ्या आमच्या खणात ठेवायच्या नाहीत, कारण रबरापाशी आम्ही काळवंडतो. आणि खणाच्या पाठीला भोके पाडायची.

"खणाला भोकं?" पेनवाले म्हणाले. "मग धूळ जाईल की."

"धूळ मी पुसेन. वारा तुम्हाला आत घालता येणार आहे का?"

भोके पाडली गेली. शेजारचे घड्याळजी विडी ओढत गप्पा मारायला येत. बाईंनी त्यांना विडी बाहेर टाकून आत यायला सांगितले. घड्याळजी म्हणाले की आजवर बायकोलाही जमले नाही ते या कांड्यांनी केले. तेव्हापासून ते दारात विडी विझवत, थोटूक कानामागे ठेवत, आणि बाई ते थोटूकही काढायला लावत.

सुट्टीच्या दिवशी सकाळी बाई आमचा खण जमिनीवर घेऊन बसत. आधी हात नुसत्या पाण्याने धुवायचे, साबण नाही, कारण साबणाचा वास राहतो. मग प्रत्येक कांडी आणि प्रत्येक तयार पेन उचलून नाकाशी धरायचे. नुसता कापराचा वास आला की ठीक. त्यामागून काही आंबट, काही टोचणारे आले की ते बाजूला. त्यांच्या मनात तोच पहिला प्रश्न होता, की कापूर उडून गेल्यावर मागे काय उरते. ते जेव्हा बाहेर पडेल तेव्हा त्यांना तिथे हजर राहायचे होते.

घड्याळजींनी एकदा विचारले, "वहिनी, नवऱ्याचाही असाच वास घेता का?"

"त्यांचा घ्यावा लागत नाही," बाई म्हणाल्या, "गल्लीच्या तोंडापासून येतो."

माझे म्हणाल तर मला हे सगळे अपमानाचे वाटे. आम्ही काय चोर होतो? दर आठवड्याला झडती कशाला? आणि माझ्यावर तर त्यांचा डोळा सगळ्यात जास्त. मला उचलायच्या, नख दाबून बघायच्या, वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाही. अजून हिच्यात ओल आहे." माझ्या बहिणी लेथवर जाऊन पेन होऊन बाहेर पडत होत्या. मी खणात तशीच.

एका सुट्टीला त्यांनी एक लाल पेन बाजूला काढले. ते चकचकीत होते. पेनवाल्यांनी ते घेऊन उजेडात फिरवले आणि यात काही खोट नाही, खोट असेल तर तुझ्या नाकात, असे म्हणाले. बाईंनी वाद घातला नाही. ते पेन त्यांनी मागच्या अंगणात पत्र्याखाली एका कुंडीत ठेवले. पावसाळा संपायच्या आत त्याला आतून जाळीसारखे तडे गेले. ते खणात राहिले असते तर त्याच्या वाफेने शेजारचे बिघडले असते, मग त्याच्या शेजारचे. आमच्यात एकजण बिघडला की बाकीचे शहाणे राहत नाहीत. पेनवाले त्यानंतर नाकाबद्दल काही बोलले नाहीत. पण वास घ्यायला शिकलेही नाहीत, कारण त्यांच्या नाकाला ते शक्यच नव्हते. ते काम बाईंचे, असे घरात ठरून गेले.

बाईंच्या पेनाची गोष्ट अशी. पेनवाले एकदा चिडून म्हणाले की इतका संशय आहे तर एक पेन स्वतःच वापरून बघ, म्हणजे खात्री पटेल. बाई लगेच तयार झाल्या. "द्या. माझ्या डोळ्यांसमोर तरी राहील." त्यांनी मुद्दाम सगळ्यात बेभरवशाचा माल निवडला. चहाच्या रंगाचा, आरपार दिसणारा. असा माल आमच्यात सगळ्यात लवकर बिघडतो. ते पेन त्यांनी रोज वापरले. लिहून झाले की कधी खणात किंवा डबीत ठेवले नाही, टेबलावर उघड्या पेल्यात उभे ठेवले. शाई बदलताना धुतले, पुसले, वास घेतला. त्या पेनाला त्यांच्या हयातीत एकही तडा गेला नाही. गिऱ्हाईक आले की पेनवाले तेच दाखवत. बघा, किती वर्षांचे आहे, कालच केल्यासारखे दिसते. बाई आतून म्हणत, "पहारा आहे म्हणून."

गिऱ्हाइकांना आम्ही आवडायचो. कोणी म्हणायचे, हातात धरल्यावर गार लागत नाही. कोणी म्हणायचे, रंग वरवरचा नाही, आत खोल दिसतो. हे खरे आहे. अॅक्रिलिकची नवी पेने रंगाने आमच्यासारखी दिसतात, पण हाताला लगेच आपलीशी होत नाहीत. एबोनाईट हाताला चांगले, पण त्याच्यात माझ्यासारखे मधाचे पट्टे येत नाहीत. मी माझी फुशारकी सांगत नाही. पेनाला कोणता माल घ्यावा हा प्रश्न आहे, तर आमची चांगली बाजूही सांगायला हवी.

मग बाईंना एका दुपारी धाप लागली. त्यांना दवाखान्यात नेले आणि त्या परत आल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितले की हृदय थकले होते.

घरात माणसे बसायला आली. पेनवाल्यांची बहीण त्यांच्याजवळ बसली आणि खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "दादा, इतकी वर्षं वहिनी ती कांडकी नाकाला लावून बसायची. त्याचंच काही झालं नसेल ना?"

पेनवाल्यांनी डॉक्टरांना जाऊन विचारले. डॉक्टर म्हणाले, याचा त्याच्याशी संबंध नाही. घरी येऊन त्यांनी घड्याळजींना विचारले. घड्याळजी म्हणाले, डॉक्टर सांगतात तेच खरे. तरीही त्या एका वाक्याने त्यांच्या डोक्यात घर केले. ते लेथवर बसत, काम चालू करत आणि मध्येच थांबून आमच्या खणाकडे बघत. बहीण काही वाईट बोलली नव्हती. पण मला तेव्हा कळले की आता माझ्यावरचा संशय बदलला आहे.

पेनवाल्यांनी खणाच्या पाठीमागच्या भोकांवर आतून चिकटपट्टी लावली. एक, दोन, मग सगळी. आमचा वास घरात येऊ नये म्हणून. ज्या वासासाठी बाईंनी ती भोके पाडायला लावली होती, तोच वास. बाईंचे पेन पेल्यात उभे होते. ते समोर दिसले की त्यांच्याने काम होईना, आणि ते फेकून द्यायचाही विचार करवेना. त्यांनी ते धुतले, बाईंचा चष्मा धुतला, दोन्ही पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली, डब्यात ठेवले आणि झाकण दाबून बसवले. कायम नीट राहावे म्हणून. सगळी काळजी घेऊन त्यांनी ते आमच्या खणात ठेवले आणि खण लावून टाकला.

मित्रांनो, आतले मी सांगते. खणात वारा फिरेनासा झाला. कापूर आमच्यातून आधीसारखा निघत होता, पण जायला जागा नव्हती. त्यामागून ते दुसरे निघू लागले. आधी डब्यातून आले. ते पेन मुळातच नाजूक, शिवाय पिशवीत बांधलेले. मग माझ्या शेजारच्या एका कांडीतून आले. मला ते ओळखता येत होते, पण मला सांगता येत नाही. मला दर सुट्टीच्या सकाळची आठवण यायची. त्या झडतीला मी अपमान म्हणत होते.

आता मी पुन्हा त्या दिवसाकडे येते.

लेक तो फुटलेला ऐवज बाहेर ओट्यावर ठेवून आली. घड्याळजी आवाज ऐकून आले होते, आणि दारात थांबून खिशातल्या विड्या बाहेर ठेवत होते, सवयीने. पेनवाले परत परत तेच म्हणत होते की सगळ्या कांड्या उद्या भंगारवाल्याला देतो.

"आणि त्याच्या गाडीत कुणी काडी टाकली तर?" लेक म्हणाली.

"मग पुरतो कुठेतरी."

"थांबा जरा, बाबा."

ती बाहेर जाऊन नुसत्या पाण्याने हात धुऊन आली. तिला कोणी सांगितले नव्हते, लहानपणी तिने ते पाहिले असणार. खण जमिनीवर घेऊन ती बसली. पेनवाले उभे होते. ते बघत होते आणि बघवतही नव्हते. तिने एक कांडी उचलली, नाकाशी धरली, उजवीकडे ठेवली. दुसरी उचलली, नाक आक्रसले, डावीकडे ठेवली. आणखी एक डावीकडे. मग माझी पाळी आली. तिने मला खूप वेळ धरले. मला कापूर सोडून दुसरे काही सोडायचे नव्हते, पण ते माझ्या हातात नाही.

"ही ठीक आहे."

"नक्की? पुन्हा बघ."

तिने पुन्हा पाहिले. "ठीक आहे. वाळलीय पण चांगली."

पेनवाल्यांना पटले नाही. त्यांनी घड्याळजींना वास घ्यायला सांगितले. घड्याळजींनी माझा वास घेतला, डावीकडच्या कांडीचा घेतला, आणि कबूल केले की आपल्याला दोन्हींतून विडीचाच वास येतो.

मग पेनवाल्यांनी लेकीला हळूच विचारले, "तुझ्या आईला कधी कळलं असतं?"

लेकीने खण बाजूला सारला. मग म्हणाली, "पहिल्याच आठवड्यात."

"म्हणजे दोष पेनाचा नाही."

"पेनाचाही आहे, बाबा. पण डब्याचा जास्त."

तोडगा घड्याळजींकडून निघाला. ते म्हणाले, तुम्हाला नाक नसेल, डोळे तर आहेत. त्यांच्या दुकानात जुन्या घड्याळांची पितळी चाके पडलेली असत. ती घासून चकचकीत करायची आणि एकेका कांडीजवळ एकेक ठेवायचे. जिचे पोट बिघडले असेल तिच्याजवळचे चाक आधी निस्तेज होईल, मग हिरवे. चष्म्याने नाही का सांगितले? एवढे बोलून घड्याळजी घाबरले, चष्म्याचे नाव काढायला नको होते म्हणून. पेनवाले रागावले नाहीत. ते म्हणाले, "चाकं घेऊन या."

त्यांनी चिकटपट्ट्या ओढून काढल्या. डावीकडच्या दोन्ही कांड्या अंगणात नेल्या. आम्हाला वेगवेगळ्या उघड्या पेल्यांत ठेवले आणि प्रत्येकीच्या पायाशी एक चाक. लेक परत गेली. पेनवाले रोज सकाळी दूध तापायला ठेवून आमच्याकडे येत आणि वाकून चाके बघत. दूध बऱ्याचदा उतू जाई. अंगणातल्या दोघींची चाके काळी पडली, मग हिरवी झाली. रसायनांचा कचरा नेणाऱ्यांना बोलावून त्यांनी त्या दोघींना त्यांच्या हवाली केले. माझे चाक तसेच राहिले. पेनवाल्यांना तरी विश्वास येईना. त्यांनी चाक बदलले. कदाचित याच चाकात काही असेल. दुसरे चाकही तसेच राहिले. मग त्यांनी माझी जागा बदलली.

मला याचे वाईट वाटले नाही, मित्रांनो. बाईंनंतर पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर नीट संशय घेत होते.

पुढच्या वेळी लेक आली तेव्हा म्हणाली, आईचे पेन तर गेले, मला या कांडीचे एक करून द्या. पेनवाल्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. तिने जेवताना पुन्हा विचारले. ते म्हणाले, एबोनाईटचे देतो, चांगले टिकेल, तुला विसरायलाही मोकळीक राहील.

"मला हेच हवंय."

"तुझ्या घरी याचा वास कोण घेणार?"

"मी घेईन."

"आणि विसरलीस तर? कामात असशील, दौऱ्यावर असशील. पेन खणात पडून राहील. मी इथे बसून तुझ्या खणाचा विचार करत बसू?"

लेकीने ताट बाजूला सारले. "बाबा, पेन द्या नाहीतर देऊ नका. पण माझ्यावर जरा भरवसा ठेवा."

"भरवसा ठेवायचाच नाही," पेनवाले म्हणाले. "तुझी आई इतकी वर्षं हेच सांगत होती. मी तिचं ऐकलं नाही, मी झाकणावर भरवसा ठेवला."

लेकीने ताटे उचलली. निघताना तिने एवढेच सांगितले की पेन झाले तर ती, धातू खाल्ला जायला नको म्हणून, क्लिपशिवाय घेईल, उघड्या पेल्यात ठेवेल आणि महिन्यातून एकदा इथे आणून दाखवेल. पेनवाले म्हणाले, बघू.

ते बघू पुष्कळ दिवस चालले. मग एका सकाळी त्यांनी मला लेथवर लावले. मी इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते सुरू झाले, आणि मीच घाबरले. लेथ हळू फिरवला होता, कारण मी तापले तर मऊ पडते आणि जास्त तापले तर पेटते. हत्यार नुकतेच धार लावलेले होते. थेंब थेंब पाणी सोडत त्यांनी मला कातले. माझा कीस लांब, कुरळा निघाला आणि खालच्या पाण्यात पडत गेला. थोडे कातले की ते थांबत आणि बोटाने मी तापले का ते बघत. घड्याळजी दारात उभे राहून पाहत होते. इतक्या हळू मी सासऱ्यांशीही कधी बोललो नाही, असे ते म्हणाले.

त्यांनी माझे दोन तुकडे केले. एकाचे टोपण आणि एकाची दांडी. टोपण कातून, आतून पोकळ करून, आटे पाडून, पॉलिश करून झाले. माझे मधाचे पट्टे पाहिले तेव्हा त्यांनी ते खिडकीत धरले, पहिल्या दिवशी धरले होते तसे, आणि लगेच खाली ठेवले. दांडीही पोकळ करून झाली. तिथे ते थांबले. म्हणाले, आता थोडे दिवस दोन्ही तुकडे असेच राहू देत. आकसले तर कळेल.

तेव्हापासून आम्ही दोन तुकडे टेबलावर आहोत. पेनवाले रोज दोन्हींचे माप घेतात. माप बदललेले नाही. तरी ते उद्या बघू म्हणतात.

मित्रांनो, हातांनी बनवायच्या पेनासाठी कचकडा घ्यावा का, असे मला कोणी विचारले तर मी खरे सांगेन. तुमच्या घरात रोज पेन हातात घेणारे, ते उघड्यावर ठेवणारे, त्याचा वास घेणारे कोणी असेल, तर जरूर घ्या. आमच्यासारखा रंग आणि आमच्यासारखी ऊब दुसऱ्या मालात मिळणार नाही. पण पेन घेऊन कपाटात नीट जपून ठेवायचे असेल, तर एबोनाईट घ्या. आम्हाला जपून ठेवू नका. ज्याच्यावर जीव आहे ते झाकण लावून बंद करू नका. आमच्याकडे संशयाने बघा, दर आठवड्याला बघा, आणि उघडून बघा. संशय घेऊन झाकण लावणारेही असतात, त्यांची मला भीती वाटते. संशय घेऊन हात धुऊन समोर बसणारी माणसे मला हवी आहेत. आमच्या घरात तसे एक माणूस होते. ते गेल्यावर त्याचे काम कोणते होते ते कळले.

टोपण तयार आहे. दांडीचे आटे अजून पाडायचे राहिले आहेत.